रात्री दहानंतरची अंताक्षरी: फोर्ट स्टीव्हन्सला तंबू ठोकणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

गेल्या जूनच्या शेवटच्या शनिवारी रात्री दहा चाळीसला आपण अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या किनाऱ्यावरच्या फोर्ट स्टीव्हन्स पार्काच्या कॅम्पग्राउंडवर शेकोटीभोवती 'ण' या अक्षरापाशी अडकलो होतो. अंताक्षरीत 'ण' आला तर 'न' चालवून घ्यायचा की नाही, यावर दोन तट पडले होते आणि तो वाद गाण्यांपेक्षा मोठ्या आवाजात चालला होता. तेवढ्यात शेजारच्या साइटवरचे आजोबा आले. अंगात टोपीचं जाकीट, कपाळावर लाल उजेडाचा दिवा. ते चिडले नव्हते. पहाटे साडेचारला उठून ओहोटीला क्लॅम, म्हणजे वाळूतले शिंपले, खणायला जायचंय, एवढंच त्यांनी सांगितलं. आपण सगळ्यांनी एका सुरात 'सॉरी सॉरी' म्हटलं आणि दहा मिनिटं कुजबुजत राहिलो. मग कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर 'अगदी हळू' लावला. पुढे तो हळू राहिला नाही. सव्वाबारा वाजले. मीही गात होते, हे आधीच सांगून टाकते.

साडेचारला मला जाग आली ती आजोबांच्या ट्रकमुळे. म्हणजे ट्रकच्या आवाजाने नव्हे. त्यांनी दार आपटलं नाही. आधी ते टेकवलं, मग कमरेने दाबलं आणि कुलूप बसल्याचा बारीकसा 'टक' आला. ट्रक सुरू केल्यावर आपल्या तंबूंवर उजेड पडू नये म्हणून वळणापर्यंत त्यांनी मोठे दिवे लावले नाहीत. रात्री आपण त्यांना झोपू दिलं नाही आणि पहाटे ते आपली झोप मोडू नये म्हणून धडपडत होते. तो 'टक' माझ्या कानातून अजून गेलेला नाही, म्हणून हे पत्र.

पत्र पोर्टलँड, बीव्हर्टन, हिल्सबरो आणि कोलंबिया नदीपलीकडच्या व्हँकुव्हरमधून दर उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या सगळ्यांना आहे. फक्त आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं असतं तर चार अंगठे, दोन हात जोडलेले आले असते आणि खाली लगेच 'पावभाजीसाठी लोणी कोण आणतंय' सुरू झालं असतं. शिवाय असे ग्रुप एक-दोन नाहीत. गेल्या वर्षी आपल्या पलीकडच्याच लूपमध्ये, म्हणजे साइटींच्या गोल गल्लीत, दुसरा मराठी ग्रुप होता. ते कांदेपोह्यांच्या वासावरून कळलं.

डिसेंबरातच लिहायचं कारण उघड आहे. ओरेगनच्या स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. जूनच्या शेवटच्या शनिवारची साइट डिसेंबरच्या शेवटी धरावी लागते आणि ग्रुपवर पहिला निरोप आलेलाच आहे: 'धरून ठेवा, नंतर बघू.'

या वाक्यापासूनच सुरुवात करू.

गेल्या वर्षी याच वाक्यावर आपण अकरा साइट धरल्या. तेव्हा चौदा कुटुंबं 'येणार' होती. मार्चमध्ये दोघांची भारताची तिकिटं निघाली, मे महिन्यात एकाकडे आई-वडील आले, कुणाच्या मुलाची सॉकरची स्पर्धा निघाली. शेवटी सात कुटुंबं, सव्वीस माणसं पोचली. तिथे एका साइटवर आठ माणसांना मुभा आहे. सव्वीस माणसांना चार साइट पुरतात, जादा गाड्यांचे वेगळे पैसे भरले की झालं. ऐसपैस म्हणून सात वापरल्या असं धरलं, तरी चार उरल्या. त्यातल्या तीन गुरुवारी रात्री रद्द झाल्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला रजा टाकून, सामान बांधून निघणं शक्य नव्हतं तेव्हा. चौथी कुणी रद्दच केली नाही. तिच्या खांबावर आपल्यातल्या एकाच्या नावाची चिठ्ठी दोन दिवस फडफडत होती आणि साइटवर आपली मुलं क्रिकेट खेळत होती. शुक्रवारी संध्याकाळी एक बाई मिनीव्हॅन थांबवून माझ्याकडे आल्या. मागच्या सीटवर तीन मुलं झोपलेली. 'इथे कोणी आहे का?' मी म्हटलं, 'यायचेत.' खोटं बोलले. कोणी यायचं नव्हतं. पण दुसऱ्याच्या नावावरची साइट मी कशी देणार, असं मनाशी म्हणून मोकळी झाले. फाटकावर 'जागा नाही'ची पाटी होती, ती खोटी ठरवणारे आम्हीच.

आणि गुरुवारी रद्द झालेल्या तिन्हींपैकी दोन साइट माझ्या नावावर होत्या.

आता कुणी म्हणेल, पैसे तर भरले ना? भरले. ओरेगनची स्टेट पार्कं कॅम्पिंगच्या शुल्कावर, लॉटरीच्या वाट्यावर आणि आरव्हींच्या (आत राहता येतं अशा गाड्यांच्या) नोंदणीच्या पैशांवर चालतात. राज्याच्या सर्वसाधारण करातून त्यांना पैसा मिळत नाही. तेव्हा आपले बुडालेले पैसे पार्कालाच गेले, वाया गेले नाहीत, हे खरं. पण त्या व्हॅनमधल्या मुलांना त्याचा काय उपयोग? दोन रात्रींचं शुल्क बुडालं तर आपल्यातल्या बहुतेकांना रविवारी बाहेर जेवायला गेल्याइतकंही जाणवत नाही, आणि तीच अडचण आहे. ज्यांना जाणवतं ते वेळेवर रद्द करतात. आपल्याला जाणवत नाही म्हणून आपण विसरतो.

लग्नाला हॉल घेताना आपण पाचशे पानांचं सांगतो आणि साडेतीनशे उठतात, तशी ही सवय. हॉलचं ठीक आहे, त्या दिवशी तो आपलाच असतो. इथे शेजारी दुसऱ्यांचं बिऱ्हाड असतं.

जे अजून गेलेले नाहीत त्यांच्यासाठी जागेबद्दल चार शब्द. पोर्टलँडहून दोन तासांवर, कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते त्या ओरेगनच्या वायव्य टोकाला हे पार्क आहे. चार हजारांहून जास्त एकर जागा, पाचशेच्या आसपास कॅम्पसाइट, वर यर्ट (गोल, पक्क्या तंबूसारख्या खोल्या) आणि केबिन. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी कॅम्पग्राउंडांत त्याची गणती होते. उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथे एखादं मोठं खेडं वसतं. बाथरूमसमोर दात घासायची रांग, सायकलींवर सुसाट पोरं, कुत्री, चौकाचौकात धूर. साइटींमध्ये शोअर पाइनची झाडं आणि झुडपं आहेत, म्हणून आपल्याला वाटतं की आडोसा आहे. दिसायला आहे. आवाजाला नाही. शेजारचे आजोबा घोरत होते ते मला ऐकू येत होतं, मग त्यांना आपला 'ण' ऐकू येणारच.

पहिल्यांदा येणाऱ्यांची आणखी एक निराशा होते, तीही सांगून ठेवते. तंबूतून समुद्र दिसत नाही. तो वाळूच्या टेकड्यांपलीकडे आहे, रात्री फक्त त्याची गाज येते. किनाऱ्यावर सायकलने किंवा गाडीने जावं लागतं. आणि जुलै असला तरी स्वेटर न्या. दुपारी हिल्सबरोत अंगाची लाही होत असते तेव्हा इथे धुकं आणि वायव्येचा वारा असतो. गेल्या वर्षी एका नव्या कुटुंबाने बाळासाठी फक्त सुती झबली आणली होती. शेवटी बाळाला आजीच्या शालीत गुंडाळलं.

आता आवाजाचं. रात्री दहा ते सकाळी सात शांतता, हा नियम आपल्याला माहीत नाही असं नाही. फाटकावर मिळणाऱ्या कागदावर तो असतो, कॅम्प होस्ट सांगून जातो. आपली अडचण घड्याळाची आहे. जूनच्या शेवटी तिथे सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो आणि नीट अंधार पडेपर्यंत दहा वाजतात. आपल्या मनातलं कॅम्पिंग म्हणजे अंधार, शेकोटी, गाणी. म्हणजे आपला कार्यक्रम सुरू होतो तेव्हाच पार्काचा दिवस संपतो. त्यात आपण चारला तंबू लावतो, सहाला चहा, सातला भजी, नऊला जेवण आणि मग 'आता बसू निवांत'. हे वेळापत्रक पुण्यातल्या गच्चीवर चालतं. इथे गाणी संध्याकाळी सहाला सुरू करायला हवीत, लख्ख उजेडात. उजेडात गायला लाज वाटते असं एकाने मला सांगितलं. लाज वाटते तर गाऊ नये. अंधारात तरी ऐकणाऱ्यांचा काय गुन्हा?

या जागेचा इतिहास गंमतीचा आहे, तो इथेच सांगते. फोर्ट स्टीव्हन्स हा नावाप्रमाणे खरंच किल्ला होता. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात नदीच्या मुखावर पहारा ठेवायला बांधला, तो दुसऱ्या महायुद्धानंतर बंद झाला. 21 जून 1942 च्या रात्री आय-25 नावाच्या जपानी पाणबुडीने समुद्रातून या किल्ल्याच्या दिशेने 17 गोळे डागले. किल्ल्यावर तोफा होत्या, माणसं तोफांपाशी धावली, पण उलट मारा करायचा नाही असा हुकूम सुटला. दिवे बंद, सगळे गप्प. आपण बार उडवला तर त्याच्या झोतावरून आपली जागा पाणबुडीला कळेल, हा हिशोब. नुकसान झालं ते बेसबॉलच्या मैदानावरच्या जाळीचं आणि काही तारांचं. बॅटरी रसेल या तोफांच्या ठाण्याचे काँक्रीटचे ओटे आजही पाहायला मिळतात, मुलं तिथे लपाछपी खेळतात. अंगावर तोफगोळे पडत असताना जूनच्या रात्री ज्या जागी माणसं चूप बसली, तिथे आपल्याला 'ण'वर चूप बसता आलं नाही.

लाकडांबद्दल मी जरा खोलात जाणार आहे, कारण याची कुणालाच कल्पना नसते. गेल्या वर्षी एकाने हिल्सबरोतल्या घराच्या मागचं पाडलेलं झाड तोडून गाडीभर लाकूड आणलं आणि सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली, कारण पार्कात लाकडाची मोळी विकत घ्यावी लागते. 2022 च्या जूनअखेरीस हिल्सबरोशेजारच्या फॉरेस्ट ग्रोव्हमध्ये एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा चमकता किडा सापडला. एका शाळेच्या पार्किंगमध्ये मुलांना घ्यायला आलेल्या एका जीवशास्त्रज्ञाच्या नजरेला तो पडला. त्याआधी पश्चिमेकडे तो फक्त कोलोरॅडोपर्यंत, म्हणजे रॉकी पर्वतांच्या पूर्व पायथ्याशीच पोचला होता. आपल्या बाजूला हा पहिलाच. त्याच्या अळ्या अ‍ॅश नावाच्या झाडाच्या सालीखाली वेडीवाकडी भुयारं करतात, झाडाला पाणी आणि अन्न पोचवणारा थर खातात आणि काही वर्षांत झाड उभ्या-उभ्या वाळतं. पूर्वेकडच्या राज्यांत त्याने कोट्यवधी झाडं मारली आहेत. किडा स्वतः फार लांब उडत नाही. तो लांब जातो तो जळणाच्या लाकडातून, आपल्यासारख्यांच्या गाडीच्या डिकीत बसून. म्हणून हिल्सबरो, बीव्हर्टन ज्यात येतात त्या वॉशिंग्टन काउंटीवर लाकडासाठी क्वारंटाइन लागलं. आपल्यातले निम्म्याहून जास्त लोक त्याच काउंटीत राहतात. मागच्या अंगणातलं झाड अ‍ॅशचं होतं की मेपलचं, हे आपल्याला कळतही नाही. मला तरी नाही कळत. तेव्हा मोळी तिथेच घ्या. सव्वीस माणसांत मोळीचे पैसे वाटले तर चहाचेही होत नाहीत.

खाण्याचा विषय काढला की लोक दुखावतात, पण काढते. विजेच्या साइटवर खांबाला घरच्यासारखा जो प्लग असतो त्यावर वीस अँपियरचा ब्रेकर असतो, म्हणजे 2400 वॉट. इन्स्टंट पॉट साधारण हजार वॉट, किटली पंधराशे. दोन्ही एकदम लावले की अंधार. मग शेजारच्या खांबाला वायर लावायची, मग तोही जातो. गेल्या वर्षी तीन वेळा झालं आणि तिसऱ्या वेळी भात अर्धा कच्चा राहिला. आधी भात, मग चहा. किंवा सरळ गॅसची शेगडी आणा. यर्ट घेणाऱ्यांना वेगळं सांगायचं तर आत स्वयंपाक करायला बंदी आहे. पाऊस आला म्हणून आत फोडणी दिली आणि मोहरीच्या धुराने अलार्म वाजला, ही गोष्ट आपल्या ग्रुपमधलीच आहे. सांगणारे आता ती दुसऱ्या ग्रुपची म्हणून सांगतात.

भांडी पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली घासू नका. वरणभाताची शितं नळाच्या खालच्या खडीत अडकतात, सकाळी त्यावर माश्या बसतात आणि तिथेच दुसरं कुणीतरी बाळाची बाटली भरत असतं. मी त्या खडीतून भाताची शितं वेचली आहेत, टिश्यू पेपरने, कुणी बघत नाही ना ते पाहून.

रकून सगळ्यांना आवडतात, जोपर्यंत ते दुसऱ्याच्या कूलरपाशी असतात. कूलर गाडीत ठेवा. तंबूत नाही, टेबलाखाली नाही, वर दगड ठेवून तर अजिबात नाही. त्यांचे पुढचे पंजे माणसाच्या हातासारखे चालतात. त्यांनी डब्याची कडी काढून, चकली बाजूला सारून फक्त शंकरपाळे खाल्ले होते, आणि त्याचा फोटो आपण सगळ्यांनी कौतुकाने पुढे पाठवला.

पण सांडलेल्या खाण्याचा जास्त गंभीर भाग कावळ्यांचा आहे. नदीच्या मुखाशी क्लॅट्सॉप स्पिट म्हणून वाळूची जीभ आहे, तिथे स्नोई प्लोव्हर या चिमणीएवढ्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यासाठी जागा राखलेली आहे. तो पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची. 15 मार्च ते 15 सप्टेंबर हा त्यांचा हंगाम. माणसांच्या खरकट्यावर कावळे जमतात आणि मग ते अंडी शोधतात. राखीव भागात त्या काळात कुत्रा न्यायचा नाही, ड्रोन उडवायचा नाही आणि, हे आपल्यासाठी, पतंगही उडवायचा नाही. वर हलणारा पतंग त्या पक्ष्याला ससाण्यासारखा दिसतो, तो अंडी सोडून पळतो. पाट्या लागलेल्या असतात. संक्रांतीची हौस जूनमध्ये भागवायची असेल तर पतंग घेऊन दक्षिणेला, पाट्या नसतील तिथे जा. किनारा मैलोनमैल आहे.

हा किनारा असा मोकळा राहिला तो आपोआप नव्हे. 1913 साली ओस्वाल्ड वेस्ट या गव्हर्नरने ओल्या वाळूचा पट्टा सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर करून घेतला, आणि 1967 च्या बीच बिलाने कोरड्या वाळूवरचाही लोकांचा हक्क पक्का झाला. म्हणून ओरेगनात 'खासगी बीच' अशी पाटी दिसत नाही. आपण मात्र गेल्या वर्षी पीटर आयरडेलच्या सांगाड्यासमोर चार मांडव लावून अर्धा दिवस जागा अडवली आणि फोटोला आलेल्या लोकांना बाजूने वळसा घालायला लावला. पीटर आयरडेल हे चार डोलकाठ्यांचं पोलादी जहाज, मेक्सिकोहून पोर्टलँडकडे येताना 25 ऑक्टोबर 1906 ला वाऱ्यात आणि धुक्यात वाळूवर चढलं. सगळे वाचले. आज त्याच्या गंजलेल्या फासळ्या तेवढ्या उरल्यात. त्यावर मुलांना चढवू नका, पत्र्याच्या कडा कापतात. धनुर्वाताचं इंजेक्शन आम्ही जवळच्या अ‍ॅस्टोरियात जाऊन घेतलं, तो रविवार गेला.

आणि समुद्र. आपल्यातले बरेच जण अलिबाग, गुहागर, मालवणच्या पाण्यात वाढलेले. तिथे लाट कमरेपर्यंत येईस्तोवर आपण हसत उभे असतो. हा समुद्र तसा नाही. पाणी उन्हाळ्यातही इतकं गार असतं की दहा मिनिटांत पाय बधिर होतात. बराच वेळ लहान लाटा येत राहतात आणि मग अचानक एक लांबवर आत येणारी लाट येते, तिला इथे स्नीकर वेव्ह म्हणतात. किनाऱ्यावर पडलेले मोठाले ओंडके ती काडीसारखे उचलते, आणि त्या ओंडक्यांखाली माणसं गेली आहेत. ओल्या वाळूतल्या ओंडक्यावर बसून फोटो काढू नका. समुद्राकडे पाठ करू नका. याला चर्चा नाही.

त्सुनामीच्या निळ्या पाट्याही पहिल्याच संध्याकाळी एकदा मुलांना घेऊन बघून या. या किनाऱ्यावरचा शेवटचा महाभूकंप 26 जानेवारी 1700 चा. तारीख इतकी नेमकी कळते ती जपानमध्ये पोचलेल्या लाटेच्या तिथल्या नोंदींवरून. जमीन जोरात आणि बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता पाट्यांच्या दिशेने चालायला लागायचं.

आजोबांकडे परत येते. रविवारी सकाळी नऊला ते परतले तेव्हा मी चहा घेऊन गेले. आलं घातलेला. माफी मागायची होती, ती नीट मागता आली नाही, 'रात्रीचं जरा जास्तच झालं' एवढंच मी म्हणाले. त्यांनी चहा घेतला, साखर जास्त आहे म्हणाले, आणि मुलांना बादली दाखवली. बादलीत पंधरा रेझर क्लॅम. आपल्या मुळ्या-तिसऱ्यांच्याच जातीतले, पण तळहाताएवढे लांब, तपकिरी, वस्ताऱ्याच्या मुठीसारखे. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाणाची भरती असते तशीच ओहोटीही खोल जाते. तेव्हा एरवी पाण्याखाली असणारी वाळू उघडी पडते, वाळूवर नाण्याएवढा खळगा दिसला की खाली क्लॅम. तो खाली पळतो, आणि फार वेगाने. कोलंबियाच्या मुखापासून दक्षिणेला सीसाइड गावापर्यंत जो किनारा आहे, ओरेगनातले बहुतेक रेझर क्लॅम तिथेच निघतात. 15 जुलै ते 30 सप्टेंबर तिथे खणायला बंदी असते, म्हणून आजोबांना जूनची ती ओहोटी हवी होती.

त्यांच्या बादलीत दोन क्लॅम फुटलेले होते आणि एक अगदी बोटाएवढा. 'हा बारका परत का नाही सोडला?' असं माझ्या मुलीने विचारलं. ते म्हणाले, नियम तसा आहे. पहिले पंधरा जे निघतील ते तुमचे, लहान असो, फुटलेला असो. बारका टाकून मोठा शोधायचा नाही, कारण एकदा खणून काढलेला क्लॅम परत टाकला तर बहुतेक मरतोच. मी लगेच माझ्या नावावरच्या त्या दोन साइटींचा विचार केला. गुरुवारी रात्री परत टाकलेल्या.

त्यांच्या साइटवर ते एकटेच होते. पूर्वी बायको यायची म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

तर यंदाचं असं. माझ्या नावावर मी दोनच साइट घेणार आहे आणि त्या सोळा जणांची नावं मला बुकिंगच्या आधी हवीत. 'बघू', 'बहुतेक', 'हो पण नक्की नाही' यांना नाव म्हणत नाहीत. 1 मेपर्यंत ज्यांचं फिरेल त्यांनी त्याच दिवशी सांगायचं, साइट त्याच दिवशी रद्द होईल. बाकीच्यांनी आपापलं घ्या, पण एका कुटुंबाने दोन-दोन शनिवार धरून ठेवू नका. हवामानाचा अंदाज सहा महिने आधी कुणालाच येत नाही आणि तिथे धुकं दोन्ही शनिवारी असणार आहे.

पेटी आणि ढोलकी आणा, मला दोन्ही आवडतात. दुपारी चारला तंबू लावून झाले की लगेच बसू, जेवण साडेसातला. स्पीकर कुणीही आणू नका. कुणी आणलाच तर तो माझ्या गाडीत कूलरशेजारी झोपेल. 'ण'ला 'न' चालतो की नाही हे मात्र आत्ताच ठरवून टाका, तिथे उकरायचं नाही.

रविवारी पहाटे ओहोटी चांगली आहे का ते तक्ता बघून मी कळवते. खणायला बारा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, तो ज्याचा त्याने आधी काढायचा, आणि क्लॅममध्ये साठलेल्या विषामुळे कधीकधी खणणं बंद ठेवतात, तेही आदल्या दिवशी तपासायचं. फावडी आमच्याकडे दोन आहेत. निघायचं साडेचारला, कपाळावरचे दिवे लाल ठेवायचे, गाडीची दारं दाबून लावायची. मुलांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट लागतील. गेल्या वर्षीचे आता लहान झाले असतील, घरातून निघायच्या आधी घालून बघा.

तुमचीच,
गेल्या वर्षी 'न' चालतो म्हणणाऱ्या गटातली एक